मंगळवारचे अवोकाडो

१

पात्स्क्वारोच्या बाजारात फळाला हात लावायचा नाही, तोंड चालवायचं, हे शिकायला मॅविसला तीन वर्षं लागली. कॅनडाहून नवऱ्यासकट इथे राहायला आली तेव्हा ती तिकडच्या दुकानातल्यासारखी एकेक टोमॅटो उचलून, उलटून, दाबून बघायची. विकणाऱ्या बायका काही बोलायच्या नाहीत. नुसत्या एकमेकींकडे बघायच्या, आणि ते जास्त लागायचं. पुढे कळलं, की निवडणं हे विकणारीचं काम. आपण फक्त सांगायचं: टोमॅटो शिजवायला हवेत की चिरायला, पपई आज खायची की परवा. हे एकदा कळल्यावर मात्र मॅविस जी सुटली ती सुटलीच. आता अकरा वर्षांनी तीच नव्या आलेल्या गोऱ्यांना बाजार दाखवायला न्यायची, आणि कुणी पेरू चाचपला की त्याच्या हातावर चापटी मारायची.

अवोकाडो ती एकाच बाईकडून घ्यायची. मटणाच्या गल्लीच्या तोंडाशी दोन्या ओब्दुलिया (दोन्या म्हणजे तिकडे मानाने 'बाई') जमिनीवर निळी ताडपत्री अंथरून बसायची. वय विचारण्यापलीकडे गेलेलं, अंगावर निळ्या रेघांची शाल, पुढे अवोकाडोचे ढीग. "कधीसाठी?" एवढाच तिचा प्रश्न. तुम्ही सांगायचं, आज रात्री, किंवा रविवारी सकाळी. ती फळाच्या देठाशी अंगठा टेकवायची, जरा थांबायची आणि हातात द्यायची. आपल्याकडे सीताफळवाल्याही हे विचारतात, पण त्यांचं एखाद्या दिवसाने मागेपुढे होतं. ओब्दुलियाचं कधी झालं नाही. रविवारचा म्हणून दिलेला शनिवारी कापला तर कच्चा, सोमवारी कापला तर काळा.

दर शुक्रवारी मॅविस आठवड्याचे घ्यायची. दिवसाला दोन, एक तिचा, एक एल्डनचा. नवऱ्याच्या काळजात डॉक्टरांनी जाळी बसवली आणि लोणी बंद केलं, तेव्हापासून न्याहारीच्या पावावर हेच. गावरान, लहान, पातळ सालीचे. ओब्दुलिया वारावारी जोड्या लावून वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची.

"काय गोरीबाई, म्हातारा कसाय?"

"खातोय आणि घोरतोय. मला नेहमीचंच द्या."

"हे आजचे." दोन. "शनिवार." दोन. "रविवार. सोमवार."

पुढच्या फळावर तिचा अंगठा टेकला आणि थांबला. तिने ते परत ठेवलं. दुसरं घेतलं, तेही ठेवलं. अशी सात-आठ फळं झाली. मॅविस पिशवी धरून उभीच.

"मंगळवार," तिने आठवण करून दिली.

"मंगळवारचे नाहीत."

"बरं, बुधवारचे?"

ओब्दुलियाने मान हलवली.

"अहो, हा एवढा ढीग पडलाय की! दगडासारखे आहेत. चार दिवसांनी होतीलच ना?"

"होतील," ओब्दुलिया म्हणाली. "पण ते तुमचे नाहीत."

मागे उभ्या असलेल्या बाईने गुरुवारसाठी मागितले. ओब्दुलियाने त्याच ढिगातून सहा काढून दिले, भराभर. मॅविसला भर बाजारात कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. अकरा वर्षांची ओळख, आणि ही वागणूक! ती पैसे देऊन वळणार, तेवढ्यात ओब्दुलियाने तिची पिशवी ओढून धरली. एरवी वर म्हणून एखादं लिंबू टाकायची. आज तिने ओंजळ भरभरून पेरू ओतले, पिशवी भरेपर्यंत, आणि हे सगळं मॅविसकडे न बघता.

२

एल्डन अंगणात नळ खोलून बसला होता. धान्याच्या कोठारातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे चालू असलेली वस्तू त्याला बघवत नसे.

"चारच दिवसांचे दिले," मॅविस म्हणाली. "पुढचे म्हणे माझे नाहीत."

"मग कुणाचे आहेत?"

"मला काय माहीत!"

"तू तिच्याशी भांडली असशील. गेल्या आठवड्यात कोथिंबिरीवरून कुणाशी तरी भांडत होतीस."

"ती कोथिंबीरवाली. ही अवोकाडोवाली."

"मला सगळ्या सारख्याच," एल्डन म्हणाला आणि पुन्हा नळात डोकं घातलं.

ते खरंच होतं. अकरा वर्षांत त्याला तिथल्या भाषेत नमस्कार, बियर आणि वा छान एवढंच यायचं. बाजार, बँक, गॅसवाला, घरमालकीण, सगळं मॅविस बघायची. मी नसले तर हा साबण चीज म्हणून खाईल, असं ती चारचौघांत हसून सांगायची. खरं तर त्याला शिकू दिलं नव्हतं तिनेच. त्याला आपली गरज लागते हे तिला आवडायचं, आणि हे तिला ठाऊकही होतं.

स्वयंपाकघरात चायो भाज्या धूत होती. ती मंगळवारी आणि शुक्रवारी घरकामाला यायची. मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात जंतू मारायचे थेंब, त्यात पालेभाजी बुडवून ठेवायची. मॅविसने तिला बाजारातला प्रकार सांगितला, अगदी ओब्दुलियाची नक्कल करून. चायो हसेल असं तिला वाटलं होतं. चायोचे हात पाण्यात थांबले.

"कोणत्या वाराला थांबली?"

"मंगळवारला."

"दोन्या ओब्दुलियाच ना? तिची सून नव्हती बसली?"

"तीच होती. का गं?"

"काही नाही, बाई," चायो म्हणाली. बाहेर गॅसची गाडी घंटा वाजवत गेली. ती गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत चायो तशीच उभी होती. मग तिने हात पुसले आणि कामाला लागली. एरवी दुपारी दोनला हात झटकून निघणारी बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली. पडदे धुतले. पाहुण्यांच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढून पुसल्या. मॅविस आत गेली तर ती जमिनीवर बसून एल्डनच्या काळ्या बुटांना पॉलिश करत होती. ते बूट त्याने चार वर्षांत घातले नव्हते.

"हे कशाला काढलेस?"

"धूळ बसली होती."

निघताना तिने नेहमीसारखा मॅविसच्या गालाला गाल लावला, पण लगेच सोडलं नाही.

"मंगळवारी येतेस ना?" मॅविसने विचारलं.

"येते. सकाळीच येते. बहिणीलाही आणते माझ्या," चायो म्हणाली.

तिच्यामागे दार लागलं तेव्हा मॅविसच्या मनात पाल चुकचुकली. ती अंगणात गेली. एल्डन नळाशी वाकला होता, मान लाल झाली होती. त्या शर्टाखाली, डाव्या बाजूला, ती जाळी होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

"मला तहान नाही," तो म्हणाला.

"पी."

३

शनिवारी सकाळी तिने एल्डनला डॉक्टरकडे नेलं. त्याने कुरकुर केली, पण गेला. डॉक्टरांनी तारा लावल्या, कागद बघितला आणि हसले.

"बाई, हे काळीज अजून दहा वर्षं ऐकत नाही. याला घोड्याबरोबर पळवा."

मॅविसला बरं वाटलं, पण ते क्लिनिकच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकलं. परतताना घेवड्यासाठी ती दोघं बाजाराच्या कोपऱ्यावर थांबली. तिने नेहमीप्रमाणे दोन किलो मागितले. घेवडेवाल्याने तराजूत अर्धा किलो टाकला आणि कागदाची पुडी बांधली.

"दोन म्हटलं मी."

"पुरतील एवढे," तो म्हणाला. अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तसं.

मग मात्र ती चिडली. आपण शिकलेल्या घरच्या आहोत, बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, आणि एका भाजीवालीच्या अंगठ्याला घाबरतोय? योगायोग म्हणतात तो हाच. म्हातारीच्या मनात काही आलं, चायो अंधश्रद्धाळू, घेवडेवाल्याकडे माल कमी. तीन साध्या गोष्टी. तिने एल्डनला घरी सोडलं आणि टॅक्सी करून हमरस्त्यावरच्या सुपरमार्केटमध्ये गेली. तिथे पांढरे दिवे, गार हवा, आणि फळाला हात लावला तरी कुणी बघत नाही. तिने स्वतः दाबून दोन अवोकाडो निवडले. एकाच पेटीतले, एकाच आकाराचे, एकसारखे कडक. घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत टोपलीत ठेवले. मंगळवारचे अवोकाडो. झालं की नाही काम?

दुपारी एल्डन झोपला. त्या घराच्या भिंती मातीच्या आणि हातभर जाड, बाहेर ऊन असलं तरी खोलीत गारठा. मॅविस पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि त्याचा श्वास ऐकू लागली. आत, बाहेर. मध्ये एखादा उशिरा यायचा, तेवढ्यात ती खुर्चीतून पुढे वाकायची. अंगणात नळ ठिबकत होता. त्याने दुरुस्त केल्यावरच ठिबकायला लागला होता. थेंब आणि श्वास, थेंब आणि श्वास, असं ती मोजत राहिली. हा गेला तर मी काय करेन, हे तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. बहीण सस्कॅचवानमध्ये आहे, तिच्याकडे जायचं. सगळं ठरलं होतं, आणि तरी ती त्या खुर्चीत बसून रडली.

४

रविवारी दुपारी तिचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा घरात काही आवाज नव्हता. शेजारी पलंग रिकामा.

"एल्डन?"

ती मोरीत बघून आली. अंगणात आली. नळही ठिबकत नव्हता. पाहुण्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि ते उघडायला तिचा हात होईना. शेवटी तिने पायाने ढकललं. आत चायोने पुसलेल्या खुर्च्या भिंतीला लावून ओळीने ठेवलेल्या होत्या. ही मांडणी मॅविसने आधी पाहिली नव्हती. लोक येऊन बसणार असले की लावतात, तशी ती होती.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि एल्डन आत आला. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळवून आलेल्या पोराचा आनंद.

"बाजारात जाऊन आलो!"

"एकटा?"

"मग? तू दोन दिवस तोंड पाडून बसलीयस त्या अवोकाडोपायी. म्हटलं आपणच जाऊ. अगं, काही अवघड नाही ते. नमस्कार म्हटलं, बोटांनी दाखवलं, झालं. म्हातारी गोड आहे. तुला उगाच नाही म्हणाली बघ. मला सगळे दिले."

त्याने वर्तमानपत्राच्या पुड्या टेबलावर मांडल्या. पुडीवर पेन्सिलने वार लिहिले होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मॅविसने मंगळवारची पुडी उघडली. आत एक अवोकाडो होता. तिने बुधवारची उघडली. एक. सगळ्या उघडल्या.

"एकेकच का आणलास?"

"मी दोनच मागितले होते. अशी दोन बोटं केली तिच्यापुढे." त्याने करून दाखवली. "तर तिने माझं हे बोट धरलं आणि वाकवून मिटलं. असं. मला वाटलं फळं मोठी आहेत, एकात भागेल म्हणत असेल."

मॅविसने त्याच्या उरलेल्या एका बोटाकडे बघितलं. मग ती उठून खिडकीशी गेली. टोपलीतल्या दोनांपैकी एक अवोकाडो काळसर, मऊ व्हायला लागला होता. दुसरा शनिवारी जसा होता तसाच होता, हिरवा, कडक. तिने तो हातात घेतला. कालपासून उन्हात असूनही तो गार लागत होता.

सुटले, असं तिला सगळ्यात आधी वाटलं. एल्डन नाही. देवा, एल्डन नाही. तो आनंद खरा होता, आणि तो क्षणभरच होता. मग ती होती तिथेच ओट्याला धरून उभी राहिली.

"काय झालं?" एल्डन म्हणाला. "चुकीचे आणले का?"

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आणलेस."

५

सोमवारी सकाळी तिने तीनदा रक्तदाब मोजला. तिन्ही वेळा चांगला निघाला. कुठे दुखत नव्हतं. एकदा तिच्या मनात आलं, की बस पकडून मोरेलियाला जावं, तिथून विमानाने बहिणीकडे. पण मंगळवार तिथेही होताच. आणि हा सगळा वेडेपणा असेल, असंही तिचं एक मन सांगत होतं. बावीस वर्षं गणित शिकवलेलं मन. ते मन आता जरा हळू बोलत होतं.

काय व्हायचं ते होवो, एका गोष्टीची भीती मात्र तिला खरोखर छळत होती. हा माणूस उपाशी राहील. पाणी कशात उकळायचं, थेंब किती टाकायचे, गॅसची गाडी कधी येते, कशाचा याला पत्ता नाही. आपणच याला असा ठेवला.

"चल," ती म्हणाली. "आज सगळा बाजार तू करायचास. मी मागे उभी राहीन, बोलणार नाही."

"उद्या परीक्षा आहे का माझी?"

"आहे असं समज."

घमेल्यात पाणी घेऊन तिने त्याला थेंब मोजायला लावले. गॅसवाल्याला हाक कशी मारायची ते शिकवलं. त्याने ओरडून दाखवलं तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकलं आणि दोघंही हसली. हसता हसता मॅविसला वाटलं, हे सांगून टाकावं याला. पण काय सांगणार? अवोकाडो एकेक मिळाले म्हणून?

बाजारात सोमवारची गर्दी होती. मक्याच्या भाकऱ्यांच्या रांगेत एल्डन अडखळला, कान लाल करून मागे बघू लागला. मॅविसने नुसती हनुवटी हलवली. तो पुन्हा बोलला, आणि भाकरीवालीने पुडकं हातात दिलं.

"शाब्बास आजोबा!" ती म्हणाली. "अकरा वर्षं तोंडात काय धरून ठेवलं होतंत?"

पुढे टोमॅटो. चिरायला, तो म्हणाला, आणि अगदी चिरल्यासारखा हातही केला. टोमॅटोवाली हसली. तिसऱ्या दुकानाला त्याने मागे बघणं सोडलं. माणसं त्याच्याशी मोकळेपणी बोलत होती, कुणी शब्द पुरवत होतं, कुणी चूक दुरुस्त करत होतं. मॅविस दोन पावलं मागून चालली होती. तिच्या ओळखीचे चेहरे होते सगळे, पण आज कुणी तिला हाक मारली नाही. तिच्याकडे नजर गेली की ती माणसं पटकन दुसरीकडे बघत, अगदी अदबीने.

मटणाच्या गल्लीच्या तोंडाशी दोन्या ओब्दुलिया बसली होती. एल्डनने टोपी काढली.

"नमस्कार, दोन्या."

"या म्हातारबा. कधीसाठी?"

"रविवारसाठी. सोमवारसाठी. पुढचा," तो सावकाश म्हणाला. शब्द सगळे बरोबर आले. मॅविसला त्याचा अभिमान वाटला.

ओब्दुलियाचा हात ढिगावर थांबला. मग तिने एक प्रश्न विचारला, जो अकरा वर्षांत तिने मॅविसला कधी विचारला नव्हता.

"किती जणांसाठी?"

मॅविस वाट बघत राहिली. आता तो बोटं वर करेल. आता तो वळून तिच्याकडे बघेल.

"एकट्यासाठी," एल्डन म्हणाला.

शब्द शोधावा लागला नाही त्याला. जन्मभर बोलत आल्यासारखा म्हणाला. ओब्दुलियाने दोन फळं निवडली, दोन पुड्या बांधल्या, वर एक लिंबू टाकलं. त्याने पैसे दिले, आभार मानले, पिशवी खांद्याला अडकवली आणि तो चालू लागला. मॅविसच्या इतक्या जवळून गेला, की त्याची बाही तिच्या हाताला घासली, पण तिथे कुणी उभं असल्याचं त्याला जाणवलं नाही.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. तोवर तो घेवडेवाल्यापुढे पोचला होता. अर्धा किलो, तो सांगत होता. घेवडेवाला काहीतरी बोलला, तो हसला, आणि त्याचं बोलणं गर्दीतून तिला स्पष्ट ऐकू येत होतं. त्याचं भागणार होतं. हेच तर तिला हवं होतं सकाळपासून. तरी तिची हाक आतच राहिली.

तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. दोन्या ओब्दुलियाने तिचा हात धरला होता. हात उलटा करून मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेवर, फळाच्या देठाशी टेकवायची तसा तिने अंगठा टेकवला. फार दाबला नाही. डोळे मिटून ती जरा थांबली, आणि मॅविसही श्वास धरून थांबली.

मग ओब्दुलिया ताडपत्रीवर थोडी बाजूला सरकली. मागून एक बुटकं लाकडी स्टूल ओढून तिने आपल्या शेजारी ठेवलं आणि शालीच्या टोकाने पुसलं.

"बसा, गोरीबाई," ती म्हणाली. "तो जाईल नीट घरी."